शाळेतली नोकरी गेली तर सहीच्या आधी काय बघाल?

(मालवीय नगर, जयपूर येथे मराठी खातेदारांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझा विषय ‘छोटी बचत’ असा छापला आहे आणि मी बोलणार आहे नोकरी जाण्याबद्दल. हे दोन विषय वेगळे नाहीत. मुदत ठेव मोडायला येणाऱ्या माणसाला बँकेत कारण विचारावं लागत नाही, पण मी विचारते. मे-जून महिन्यांत एक उत्तर मला दरवर्षी ऐकू येतं: ‘स्कूलवालों ने मना कर दिया.’ म्हणजे सुट्टीनंतर येऊ नका, असं शाळेने सांगितलं. हे सांगणाऱ्यांत शिक्षक थोडे असतात. बसचे चालक आणि कंडक्टर, लहान वर्गांच्या आया, प्रयोगशाळेतले मदतनीस, ऑफिसातले बाबू, चौकीदार, माळी हेच जास्त असतात.

आपल्या मराठी मंडळींपैकी काही जण इथल्या शाळांत ऑफिसात, लायब्ररीत, प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी हे स्वतःसाठी ऐकावं. बाकीच्यांच्या मुलांना रोज बसमधून हात धरून उतरवणारी कोणीतरी बाई असतेच. तिच्यापर्यंत हे पोहोचवलंत तर बरं होईल.

बहुतेकांचा समज असा असतो की खाजगी शाळा मालकाची आहे, त्याने ठेवलं तर राहायचं, नको म्हटलं तर उठायचं. राजस्थानात तरी कायदा असं म्हणत नाही. राजस्थान गैर-सरकारी शैक्षिक संस्था अधिनियम १९८९ सालचा आहे. त्यात कर्मचारी या शब्दात शिक्षक येतात आणि मान्यताप्राप्त संस्थेत काम करणारा दुसरा प्रत्येक कर्मचारीही येतो. त्या कायद्याचं कलम १८ असं सांगतं की कर्मचाऱ्याला काढण्याआधी त्याचं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायला हवी, आणि अंतिम आदेश काढण्याआधी शिक्षण संचालकांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायला हवी. आधी काढलं आणि मग कळवलं, असं चालत नाही.

यावर बराच काळ वाद होता. रीतसर खातेनिहाय चौकशी करून काढलं असेल तर मंजुरीची गरज नाही, असं शाळा म्हणत आणि इथल्या उच्च न्यायालयाचा निकालही त्या बाजूचा होता. जानेवारी २०२३ मध्ये राजस्थानच्याच एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला. चौकशी झालेली असो वा नसो, पूर्वमंजुरी लागतेच. तेव्हा ‘येऊ नका’ हे शब्द कानावर पडले की पहिला प्रश्न विचारायचा: संचालकांची मंजुरी आहे का? असेल तर त्या पत्राची प्रत द्या. हा प्रश्न तोंडी विचारून सोडून देऊ नका. साध्या कागदावर लिहा, तारीख घाला, एक प्रत शाळेत द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. संचालनालय बिकानेरला आहे, पण त्यासाठी बिकानेर गाठायची गरज नाही. इथे जयपूरच्या जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयातही अर्ज देता येतो.

दिल्लीत असाच कायदा आहे. तिथल्या एका खाजगी शाळेने आपल्या बसचालकाला २००३ मध्ये कमी केलं. त्याने ना चोरी केली होती ना मारामारी. शाळेला त्याची गरज उरली नव्हती, एवढंच. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कपातीलाही संचालकांची पूर्वमंजुरी हवी होती, आणि चालकाच्या बाजूने निकाल दिला. निकाल उत्तम आहे. पण मधली वर्षं मोजा. तेरा. या तेरा वर्षांकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझा खरा विषय तोच आहे.

आता ज्या एका गोष्टीसाठी आज उभी आहे, ती सांगते. शाळा सहसा ‘आम्ही तुम्हाला काढतो’ असं लिहून देत नाही. एक छापील कागद पुढे येतो. वर लिहिलेलं असतं ‘घरगुती कारणामुळे मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ आणि खाली ‘माझा पूर्ण हिशोब मिळाला, आता काही येणं बाकी नाही’. दोन महिन्यांचा पगार पाकिटात असतो आणि बाबू सांगतो, सही करा, पाकीट घ्या, अनुभवाचा दाखलाही देऊ. अनुभवाच्या दाखल्यासाठी माणूस सही करतो, कारण पुढची नोकरी त्यावर अवलंबून असते.

त्या सहीने तुमची कपात होत नाही. तुम्ही स्वतः सोडून गेलात असं होतं. मग मंजुरीचा प्रश्न उरत नाही, नोटिशीचा उरत नाही, भरपाईचाही नाही. पुढे कोर्टात सही दबावाखाली घेतली होती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि ते फार अवघड असतं. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कायद्यात तर राजीनामा कसा द्यायचा यासाठी वेगळं कलमच आहे. तो कर्मचाऱ्याने दोन प्रतींत, तारीख घालून लिहावा लागतो. कायदा करणाऱ्यांनाही छापील कागदाची रीत ठाऊक होती, असं मला ते कलम वाचताना वाटतं.

तरी कोणी सही करून बसला असेल तर त्याने हातपाय गाळू नयेत. ग्रॅच्युइटी राजीनाम्याने बुडत नाही, पीएफ बुडत नाही, केलेल्या कामाचा पगार बुडत नाही.

आकडे मांडते. समजा, एका कंडक्टरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये आहे आणि नोकरी झाली नऊ वर्षं आठ महिने. ग्रॅच्युइटीचा हिशोब असा: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून इथे वर्षं दहा. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, त्याचे पंधरा दिवस ७,५००, आणि दहा वर्षांचे ७५,००० रुपये. कपातीची भरपाई वेगळी. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे ढोबळ मानाने अर्धा महिना. ६,५०० गुणिले दहा, ६५,००० रुपये. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तिच्या बदल्यात १३,००० रुपये. बेरीज झाली १,५३,००० रुपये. आणि पाकिटात होते २६,०००. सव्वा लाखाहून जास्त रक्कम त्या एका सहीत जाऊ शकते. या माणसाने माझ्याकडे महिना हजार रुपयांची आवर्ती ठेव उघडली असती, तर एवढे पैसे जमायला दहा वर्षांच्या आसपास लागले असते.

‘शाळेला ग्रॅच्युइटी लागू नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिक्षण संस्थांना हा कायदा १९९७ पासून लागू आहे. शिक्षकांबद्दल मात्र २००४ मध्ये न्यायालयाने त्यांना त्या व्याख्येतून बाहेर ठेवलं होतं, म्हणून संसदेला २००९ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. शिपाई, क्लार्क, चालक यांच्याबाबत असा प्रश्न कधी आलाच नाही. शाळेच्या नोकऱ्यांत शिक्षकांच्या आधी शिपायाला काही मिळालं, असं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला हे लागू आहे आणि नेहमीच्या नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला हवीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता अमलात आल्या आहेत. त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना एका वर्षाच्या नोकरीनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे. शाळांत मुदतीचे करार सर्रास होतात, तेव्हा आपलं नेमणूकपत्र आज घरी गेल्यावर काढून वाचा.

याच संहितांनुसार नोकरी संपल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. कपात झालेल्या कामगाराला मालकाकडून आणखी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून द्यायची आहे, आणि ती ४५ दिवसांत थेट खात्यात यायची आहे. त्यासाठी खातं चालू हवं.

कपातीची भरपाई मात्र ग्रॅच्युइटीइतकी सरळ नाही, आणि ते लपवून ठेवणं बरं नव्हे. भरपाई औद्योगिक कायद्यातून येते, आणि शाळा म्हणजे उद्योग का, हा प्रश्न जुना आहे. दिल्ली विद्यापीठाने मुलींच्या कॉलेजच्या बसगाड्या तोट्यात चालतात म्हणून चालकांना कमी केलं, तेव्हा १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा उद्योग नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. १९७८ मध्ये सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने ते मत बदललं. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरलं की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे. चालक, शिपाई, क्लार्क मात्र कामगार राहिले. नव्या संहितेत पुन्हा एक फट आहे: पूर्णपणे किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक कामात असलेल्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. ट्रस्टची शाळा हा मुद्दा काढू शकते. म्हणून मी म्हणते, इथे राजस्थानात १९८९ चा शाळांचा कायदा पहिला हातात धरा. तो शाळा उद्योग आहे का हे विचारत नाही. शाळा मान्यताप्राप्त आहे का, एवढंच विचारतो.

तुमच्यापैकी अनेकांचे भाऊ-बहिणी महाराष्ट्रात शाळांत आहेत. तिथे १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. काढलेल्या कायम कर्मचाऱ्याला शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं, आणि पद रद्द झालं म्हणून कमी करायचं तर तीन महिन्यांची नोटीस लागते. तिथला खरा घाव वेगळ्या जागी बसला आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायाची पदं पुढे न भरता त्याऐवजी ठोक शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. नोकरीवर असलेला शिपाई निवृत्त होईपर्यंत राहतो, त्याच्या जागेवर पुढे कोणी कायम येत नाही. म्हणजे काढायला माणूसच उरत नाही. संरक्षण कायद्याच्या पुस्तकात आहे तसंच आहे, फक्त ते ज्याला मिळेल असा माणूस कमी झाला. मला हा निर्णय पटत नाही, पण तो माझ्या खात्याचा विषय नाही.

अपिलाच्या मुदतीबद्दल एक पथ्य पाळा. इथेही वेगळं न्यायाधिकरण आहे, पण कायद्यात किती दिवस आहेत हे शोधत बसू नका. महाराष्ट्रासारखी तीस दिवसांचीच मुदत आहे असं समजून आदेश हातात आल्याच्या पहिल्या आठवड्यात वकिलाकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता पुराव्याकडे येते. शाळा म्हणेल, ही बाई आमच्याकडे नव्हतीच, किंवा मधले महिने नव्हती. तेव्हा नेमणूकपत्रापेक्षा भारी पडतं ते पासबुक. दर महिन्याच्या सात तारखेला एकाच नावाने जमा झालेली रक्कम, वर्षामागून वर्ष, हा नोकरीचा मोठा पुरावा आहे. म्हणून पगार रोख घेऊ नका, खात्यात मागा. पासबुक दर तीन महिन्यांनी छापून घ्या आणि भरलेलं जुनं पासबुक रद्दीत देऊ नका. एक आया माझ्याकडे बारा वर्षांची चार पासबुकं हळदीकुंकवाच्या डब्याबरोबर पिशवीत बांधून घेऊन आल्या होत्या. शाळा पाच वर्षांचीच नोकरी मान्य करत होती. पासबुकं टेबलावर मांडल्यावर हिशोब बदलला. शाळेचं ओळखपत्र, बसच्या ड्युटीचा कागद, हजेरीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो हेही ठेवा. पीएफ कापला जात असेल तर उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघा. शाळेने तुमच्या पगारातून कापलेले पैसे खरंच भरले का, हे तिथे दर महिन्याला दिसतं. नसतील दिसत तर ज्योती नगरच्या निधी भवनात तक्रार करा. नोकरी आहे तोवर करा, नंतर शाळेकडून कागद मिळत नाहीत.

एजन्सीमार्फत लागलेल्यांचं दुखणं निराळं. गार्ड आणि सफाईवाले आता बहुतेक शाळांत ठेकेदाराचे असतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्या जागेवर काम केलं त्या मूळ मालकावर तो देण्याची जबाबदारी येते. ‘ठेकेदाराकडे जा’ हे शाळेचं उत्तर शेवटचं समजू नका. श्रम विभागात दोघांची नावं लिहा.

आणि आता ती तेरा वर्षं. कायदा तुमच्या बाजूला असला तरी निकाल येईपर्यंत गॅस सिलिंडर, खोलीचं भाडं आणि मुलांची फी थांबत नाही. कोविडच्या काळात बस बंद झाल्या तेव्हा शाळांच्या चालकांनी हे अनुभवलं आहे. फीवरून पालक आणि शाळा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, मे २०२१ मध्ये राजस्थानातल्या पालकांना २०२०-२१ च्या फीत १५ टक्के सूट मिळाली. त्या भांडणात चालकाच्या पगाराचा हिशोब कोणी मांडला नव्हता. समोरचा माणूस तुमची सही दोन महिन्यांच्या पगारात विकत घेऊ शकतो, कारण त्याला माहीत असतं की तुमच्याकडे तिसऱ्या महिन्याचे पैसे नाहीत. घरात तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर तुम्ही ‘उद्या वाचून सांगते’ असं म्हणू शकता. छोट्या बचतीचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

हे पैसे एका मोठ्या ठेवीत ठेवू नका. ३०,००० साठवायचे असतील तर दहा-दहा हजारांच्या तीन ठेवी करा, म्हणजे एक मोडावी लागली तर बाकी दोघींचं व्याज शाबूत राहतं. महिना पाचशेची आवर्ती ठेवही चालेल, सुरुवात कितीने केली याला महत्त्व नाही.

नोकरी गेल्यावर बँकेत पहिल्याच आठवड्यात या. तुमचं पगार खातं असेल तर काही महिने पगार न आल्यास ते साधं बचत खातं होतं आणि त्याला किमान शिल्लक लागू होऊ शकते. मग दंड कापला जातो. आधी आलात तर ते शून्य शिल्लकेच्या मूलभूत बचत खात्यात बदलता येतं. कर्जाचा हप्ता चालू असेल तर तो चुकण्याआधी सांगा. हप्ता चुकण्याआधी आलेल्या माणसाला मुदत वाढवून देणं आम्हाला सोपं जातं, तीन हप्ते थकल्यावर आमचेही हात बांधले जातात. सावकाराकडून किंवा मोबाइलच्या ॲपवरून कर्ज घेऊन बँकेचा हप्ता भरू नका, हे हात जोडून सांगते. मेअखेरीस खात्यात निदान ४५६ रुपये राहू द्या. त्यातून जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातात आणि वर्षभर दोन-दोन लाखांचा विमा चालू राहतो. नोकरी नसलेल्या वर्षात तो विमा तुटू देऊ नये.

पीएफ लगेच सगळा काढायची घाई करू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, एवढं माझी बँक तुम्हाला देणार नाही. नोकरी सुटली तरी शिलकीवर व्याज चालू राहतं. दहा वर्षं पूर्ण व्हायला थोडं कमी पडत असेल तर पेन्शनचे पैसे उचलू नका, योजना प्रमाणपत्र घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवून दहा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. ईएसआय कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं नाव लिहून घ्या. तिच्यात सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून ती चालू आहे का हे आधी शाखेत विचारा.

आणि हिशोबाचे एकरकमी पैसे खात्यात आले की आठ दिवसांत कोणीतरी ओळखीचा माणूस घरी येईल. महिना दोन टक्के देतो म्हणेल. राजस्थानात पतसंस्था कशा बुडाल्या हे तुमच्या शेजारच्या गल्लीत विचारा. त्याला चहा द्या, पैसे देऊ नका.

बाहेर टेबलावर तीन कागद ठेवले आहेत: मंजुरीची प्रत मागणाऱ्या अर्जाचा नमुना, ग्रॅच्युइटीच्या मागणीचा नमुना आणि मूलभूत बचत खात्याचा फॉर्म. दोन्ही नमुने मराठीत आणि हिंदीत आहेत, शाळेत हिंदीतलाच द्या. पासबुक छापायचं मशीन शाखेच्या दारातच आहे. ज्यांचं पासबुक वर्षभर छापलेलं नाही त्यांनी आज जाता जाता छापून घ्या.